महिन्याची बाटली

माझ्या लहानपणी आमच्या घरात दोन थर्मामीटर होते. एक रोजच्या वापराचा आणि दुसरा, पहिला फुटला तर म्हणून कपाटात कापसात गुंडाळून ठेवलेला. शेजारच्या क्वार्टरमध्ये एकही नव्हता. तिथली मुलं आजारी पडली की त्यांची आई आमच्याकडे थर्मामीटर मागायला यायची आणि दारातूनच विचारायची, "मोकळा आहे का? की हिच्याच काखेत आहे?"

बहुतेक वेळा तो माझ्याच काखेत असायचा.

आम्ही नाशिकरोडला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो. बाबा तिकीट तपासनीस होते, त्यांची ड्यूटी मनमाडच्या बाजूला असायची. आई घरात, आणि मी त्यांची एकुलती एक, सतत शिंकणारी, खोकणारी मुलगी. कान वाहायचा, सायनस भरायचं, वर्षातून एक-दोनदा न्यूमोनिया व्हायचा. शाळेत बाई हजेरी घ्यायला लागल्या की मागच्या बाकावरच्या मुली माझ्यावर बोरांच्या पैजा लावायच्या. मी 'हजर' म्हटलं की कुणीतरी हरायचं आणि मधल्या सुट्टीत रागाने माझ्याकडे बघायचं.

दोष द्यायला कारणं भरपूर होती. थंडीत नाशिकची थंडी होतीच. फेब्रुवारीत द्राक्षं, मे महिन्यात बर्फाचा गोळा, आणि पावसाळ्यात तर कारण शोधायचीही गरज नव्हती. प्रत्येक घरातून एकेक उपाय यायचा. अडुळशाचा काढा, ओव्याची धुरी, छातीला तिळाचं तेल, गळ्यात लसणाची माळ. आईने सगळे केले. लसणाची माळ घालून मी शाळेत गेले त्या दिवशी मात्र पैज कुणीच लावली नाही, कारण मी आल्याचं व्हरांड्यातूनच कळलं.

आमचे डॉक्टर भले गृहस्थ होते. औषध द्यायचे, मी बरी व्हायचे, आणि काही आठवड्यांनी पुन्हा त्यांच्या बाकावर जाऊन बसायचे. "प्रकृती नाजूक आहे," ते आईला सांगायचे. "वयात आली की सुधारेल." मी वयात आले. प्रकृतीला ते कुणी कळवलं नसावं.

पण मी दुःखी मूल होते असं कुणी म्हणालं तर ते खोटं आहे. दवाखान्यात मुक्काम पडला की बाबा पत्ते घेऊन यायचे. रमी मी सलाईन लावलेल्या हातानेच शिकले. बाबा मुद्दाम हरतात हे मला फार उशिरा कळलं. आणि वाचन तर इतकं झालं की मराठीच्या पेपरात मला कधी अडचण आली नाही, फक्त पेपरला हजर राहण्याची अडचण असायची.

अकरावीत टायफॉइड झाला. त्यासाठी रक्ताची जी नेहमीची तपासणी करतात, विडाल, ती निगेटिव्ह आली. ताप काही उतरेना म्हणून डॉक्टरांनी रक्तात थेट जंतू वाढतात का ते बघायला नमुना पाठवला, तर टायफॉइडचे जंतू सापडले. डॉक्टर रिपोर्ट हातात धरून हसले. "कमाल आहे. जंतू आत घर करून बसलेत आणि हिच्या रक्ताला त्याचा पत्ताच नाही." आम्हीही हसलो. औषध सुरू झालं, मी बरी झाले, आणि ती गोष्ट तिथेच राहिली.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला सायनसने फारच छळलं. डोकं शिसं ओतल्यासारखं जड व्हायचं. कान-नाक-घशाच्या सर्जननी ऑपरेशन सांगितलं आणि म्हणाले, लागणार नाही, पण रक्ताची एक पिशवी तयार ठेवू. माझ्या रक्ताचा नमुना घेऊन बाबा ब्लड बँकेत गेले. पिशवी घेऊन परत येतील म्हणून आई वाट बघत होती. बाबा रिकाम्या हाताने आले.

"नमुना पुन्हा मागितलाय," ते म्हणाले. "गट जुळत नाही म्हणे."

"कुणाशी जुळत नाही?"

"स्वतःशीच."

दुसरा नमुना गेला. त्याचंही तसंच झालं. मग तिथल्या डॉक्टर बाईंनी आम्हा तिघांनाच बोलावून घेतलं.

बाई ठेंगण्या होत्या. सुती साडी, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा, आणि हसणं असं मोठं की पलीकडच्या खोलीतले लोक वळून बघत. त्यांच्या खोलीला स्पिरिटचा आणि आल्याच्या चहाचा एकत्र वास होता. त्यांनी आमच्यासाठी चहा सांगितला आणि टेबलावर दोन काचेच्या पट्ट्या ठेवल्या.

"रक्तगट दोन बाजूंनी तपासतात," त्या म्हणाल्या. "एकदा लाल पेशी बघायच्या आणि एकदा वरचं पिवळं पाणी. दोघांचं उत्तर एक यावं लागतं. हिच्या पेशी सांगतात, मुलगी ओ गटाची. आता ओ गटाच्या माणसाच्या रक्तात ए आणि बी या दोन्ही गटांविरुद्धच्या अँटीबॉडी असतात. म्हणून त्या पाण्यात ए किंवा बी गटाच्या पेशी टाकल्या की त्यांच्या गुठळ्या होतात. हिच्या पाण्यात टाकल्या, तर काहीच नाही. जशाच्या तशा. म्हणजे पाणी म्हणतं, मुलगी एबी गटाची."

आईला हे अजिबात आवडलं नाही. आपल्या मुलीच्या रक्तावर कुणीतरी खोटेपणाचा आळ घेतोय असंच तिला वाटलं. "तुमच्याकडच्या मुलांनी नमुने बदलले असतील," ती म्हणाली.

"मलाही तेच वाटलं हो," बाई म्हणाल्या. "म्हणून तिसऱ्यांदा मी स्वतः केलं. तेच आलं." मग त्यांनी चष्मा डोळ्यावर चढवला आणि माझ्याकडे बघितलं. "तू वारंवार आजारी पडतेस का गं?"

उत्तर आईने दिलं. माझ्या पहिल्या कानदुखीपासून ती जी सुरू झाली ती थांबेचना. मधे एकदा बाबांनी "तो न्यूमोनिया चौथीत नाही, पाचवीत" अशी दुरुस्ती केली आणि दोघांचा त्यावर थोडा वाद झाला. चहावर साय धरली. बाई ऐकत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, "टायफॉइड झाला तेव्हा विडाल काय आली होती?"

"निगेटिव्ह," बाबा म्हणाले. "पण जंतू सापडले होते."

बाईंनी टेबलावर हलकेच थाप मारली. "ऑपरेशन थांबवू या. सर्जनशी मी बोलते. मला हिचं अजून थोडं रक्त पाहिजे."

पुढच्या आठवड्यात त्यांनी आम्हाला एक आलेख दाखवला. रक्तातली प्रथिनं वेगवेगळी करून काढलेला. डावीकडे एक उंच सुळका, मग दोन-तीन लहान उंचवटे, आणि उजवीकडे नुसती सपाट रेघ. शेजारी त्यांनी दुसरा आलेख ठेवला. त्यात उजवीकडे रुंद, गोलसर टेकडी होती.

"हा माझा," त्या म्हणाल्या. "ही टेकडी म्हणजे अँटीबॉडी. जंतूला ओळखून त्याला चिकटणारी प्रथिनं. एकदा भेटलेला जंतू त्या विसरत नाहीत. हिच्याकडे ही टेकडीच नाही. विडाल याच अँटीबॉडी शोधते, म्हणून तिला काही सापडलं नाही."

नमुने मुंबईला गेले. मग आम्हीही गेलो. तिथल्या तज्ज्ञांनी तेच सांगितलं, फक्त जास्त लांब नावाने. अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी माझ्या शरीरात होत्या, पण त्या काम पुरं करत नव्हत्या. सगळ्याच प्रकारच्या अँटीबॉडी नावापुरत्या होत्या. हे जन्मतः कुठेतरी चुकलेलं असतं, कुणाच्या वागण्याने होत नाही, कुणापासून लागत नाही.

"म्हणजे कामगार आहेत, पण माल बाहेर पडत नाही," बाबा म्हणाले. "संप आहे का?"

"कायमचा," डॉक्टर म्हणाले आणि पहिल्यांदा हसले.

मग आईने हळूच विचारलं, "माझ्या खाण्यापिण्यात काही कमी पडलं का डॉक्टर?"

"नाही हो. तुमच्या खाण्यापिण्यामुळेच ती इथवर चालत आली."

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मला मात्र, खरं सांगते, उड्या माराव्याशा वाटत होत्या. इतकी वर्षं मी नाजूक होते, हट्टी होते, थंड पाणी पिणारी होते, कानाला रुमाल न बांधणारी होते. आता मला एक आजार होता. नाव असलेला, आलेख असलेला, आणि मुख्य म्हणजे उपाय असलेला.

उपाय साधा वाटत होता: शरीर जे बनवत नाही ते बाहेरून द्यायचं. रक्तदान करणाऱ्या हजारो लोकांच्या रक्तातलं पाणी एकत्र करून त्यातून अँटीबॉडी वेगळ्या काढतात आणि बाटलीत भरतात. ती बाटली महिन्यातून एकदा शिरेतून घ्यायची. जन्मभर. बाटल्या खरं तर तीन-चार असत, पण आमच्या घरात सगळे एकवचनातच बोलायचे. "बाटली कधी आहे?" "या वेळी बाटली रविवारी घेऊ."

औषध महाग होतं आणि नाशिकला मिळत नव्हतं. बाबांनी खूप खटपट करून रेल्वेच्या दवाखान्यामार्फत ते मिळायची सोय लावली, पण आणायला मुंबईला जावं लागायचं. बाटली थंड ठेवायची होती. पण गोठली तर फुकट. म्हणजे बर्फ हवा, पण बर्फाचा स्पर्श नको. बाबांनी एक थर्माकोलचा डबा मिळवला. तळाला बर्फाच्या पिशव्या, त्यावर आईचा जुना टॉवेल घडी करून, त्यावर बाटल्या, आणि पुन्हा टॉवेल. कपाटातला कापसातला थर्मामीटर तिथे चालेल का, असंही त्यांनी विचारून बघितलं. आईने त्यांच्याकडे नुसतं बघितलं.

पहिल्यांदा ते डबा घेऊन संध्याकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने परत निघाले. त्या गाडीत रोज ये-जा करणाऱ्या पासवाल्यांचे ठरलेले कंपू असत. बाबांना सगळे ओळखायचे, तिकीट तपासनीसाला ओळखणं भागच असतं. ते मांडीवर डबा घेऊन बसलेले बघून समोर बसलेले एक कापडाचे व्यापारी अस्वस्थ झाले. ते कडक शाकाहारी. डब्यातून पाणी ठिबकत होतं.

"साहेब," ते शेवटी म्हणाले, "मासे का?"

"नाही," बाबा म्हणाले. "माणसं."

पत्ते खेळणारे थांबले.

"म्हणजे?"

"हजारो माणसं आहेत यात. माझ्या मुलीसाठी नेतोय." आणि मग बाबांनी सगळं सांगितलं. रक्तगट, टेकडी, संप, सगळं. बाबांची ही सांगण्याची हातोटी नोकरीतून आली असावी. दंड भरायला लावूनही लोक त्यांना नमस्कार करून जायचे. कसाऱ्याला मागून इंजिन जोडायला गाडी थांबली तेव्हा पत्ते खेळणाऱ्यांतला एक जण उतरून सरबतवाल्याकडून बर्फ घेऊन आला. आणि घाट चढताना डबा कुणाच्या मांडीवर होता? कापडाच्या व्यापाऱ्यांच्या. "तुम्ही दमलात, द्या इकडे," म्हणून त्यांनी तो ओढूनच घेतला.

त्यानंतर दर महिन्याला तो कंपू बाबांची वाट बघायचा. माझी तोंडओळखही नसलेली माणसं बाबांना विचारायची, "पोरगी कशी आहे? या महिन्यात खोकला?"

घरी फ्रिजची वेगळीच कथा झाली. मधला कप्पा आईने पूर्ण रिकामा केला. हिरवी चटणी, दह्याचं भांडं, आलं, सगळं हद्दपार झालं. पाहुणे आले आणि पाणी घ्यायला कुणी फ्रिजकडे वळलं की आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "थांबा, मी देते!"

पहिली बाटली मी नाशिकच्या एका छोट्या दवाखान्यात घेतली. ब्लड बँकेच्या बाईंनीच तिथल्या डॉक्टरांना सगळं समजावून दिलं होतं. सुरू झाल्यावर थोड्याच वेळात मला हुडहुडी भरली, दात वाजायला लागले, डोकं ठणकायला लागलं. आई घाबरून उठली. नर्सने येऊन थेंबांचा वेग कमी केला, वर दोन ब्लँकेट टाकली. डॉक्टर म्हणाले, असं होतं, पहिल्यांदा होतंच, सावकाश देऊ. मग सगळा दिवस थेंब पडत राहिले. आई बाटलीकडे बघत होती, जणू नजर हटली तर थेंब थांबतील. बाबा पेपर वाचून दाखवत होते, अगदी निविदांच्या जाहिराती आणि बाजारभावसुद्धा. संध्याकाळी हुडहुडी गेली, डोकं मात्र दुसऱ्या दिवसापर्यंत दुखलं. पुढच्या वेळी त्रास कमी झाला, त्याच्या पुढे आणखी कमी. नंतर नंतर मी बाटली चालू असताना अभ्यास करायचे, आणि नर्सबरोबर तिच्या मुलीच्या शाळेच्या तक्रारी करायचे.

फरक एकदम दिसला नाही. पावसाळा संपला, दिवाळी झाली, निफाडचा पारा किती उतरला याच्या बातम्या पेपरात यायला लागल्या. मी रोज सकाळी उठून वाट बघायचे. आज घसा धरेल, उद्या छाती भरेल. काही होईना. आई रोज संध्याकाळी माझ्या कपाळाला हात लावायची, मग स्वतःच्या कपाळाला, मग बाबांच्या. एक दिवस बाबा वैतागून म्हणाले, "अगं, मला कशाला? मला काय झालंय?" तर ती म्हणाली, "तुमच्याशी ताडून बघते. ही इतकी गार कशी?"

माणसं रोज उठून अशीच असतात, हे मला तेव्हा कळलं. नाक मोकळं, डोकं हलकं, पाय उचलायला आळस नाही. सगळ्या जगाला हे फुकट मिळत होतं आणि कुणी त्याबद्दल काही बोलतही नव्हतं!

त्या थंडीत कॉलेजातल्या मैत्रिणींनी रामशेजला जायचं ठरवलं. पेठ रस्त्याने थोडं गेलं की हा किल्ला लागतो, चढायला फार अवघड नाही. मी नाव दिलं. आईने विरोध केला नाही, फक्त सकाळी ती स्वतः नवी चप्पल घालून, डबा घेऊन तयार होती. "मी पायथ्याशी बसते," ती म्हणाली. पायथ्याशी ती बसली नाही. मैत्रिणींबरोबर गप्पा मारत ती पुढे निघून गेली आणि मी मागे राहिले. माझ्या डाव्या फुप्फुसाच्या खालच्या भागाला जुन्या न्यूमोनियांनी कायमची इजा केली होती, ती बाटलीने भरून येणार नव्हती. मला थांबत, दम खात चढावं लागलं. पण मी चढले. वर आई एका दगडावर बसून सगळ्यांना मेथीचे ठेपले वाटत होती. मला बघून म्हणाली, "आलीस? तुझा वाटा ठेवलाय." खाली दिंडोरीच्या बाजूला द्राक्षांच्या बागांचे हिरवे चौकोन उन्हात पसरले होते. मी ठेपला खाल्ला. दुसरा खाल्ला. धाप बसली आणि ताप आला नाही.

सायनसचं ऑपरेशन नंतर झालं, आणि ते साधंच झालं.

शिक्षण संपलं, एका बँकेत नोकरी लागली, आणि घरात लग्नाचा विषय निघाला. बाबा म्हणाले, आधीच सगळं सांगून टाकू. आई म्हणाली, आधी पोहे तरी खाऊ देत. पहिल्या दोन-तीन ठिकाणी पोहे खाऊन झाले, सांगून झालं, आणि 'कळवतो' म्हणून गेलेल्यांनी काही कळवलं नाही. मला त्याचं फार वाईट वाटलं असं नाही. बाटलीत हजारो माणसं होती, पोह्यांना आलेली चार कमी झाली.

मग दिंडोरीहून एक स्थळ आलं. घरची द्राक्षबाग, मुलगा शेतीचं शिकून भावाबरोबर बाग बघणारा. गच्चीवर आम्हाला बोलायला पाठवलं. मी काही प्रस्तावना केलीच नाही. माझं रक्त काय बनवत नाही आणि मला महिन्याला काय लागतं ते सरळ सांगितलं.

"थांबवलं तर?" त्याने विचारलं.

"पुन्हा आजारी पडेन. या वेळी जास्त."

तो कठड्याला टेकला. मग म्हणाला, "ऑक्टोबरच्या छाटणीनंतर आम्हाला एक दिवसाआड फवारणी लागते. पाऊस लागला तर रोज. नाही केली तर डाउनीची बुरशी येते आणि बाग जाते. तुमचं महिन्यातून एकदाच आहे. बरंच सोपं आहे."

मला हसू आलं. हसताना खोकला आला. खोकला थांबेपर्यंत तो गप्प उभा राहिला, आणि मग त्याने जे विचारलं त्यावर माझं ठरलं.

"पण त्या फवारणीच्या वासाने तुमच्या छातीला त्रास होईल ना? मग मळ्यातल्या घरात राहायला नको. गावात आमचं जुनं घर आहे, तिथे राहू. तुम्हाला नाशिकची बसही तिथूनच बरी."

होकार मी गच्चीवरच दिला. खाली जाऊन सांगेपर्यंतसुद्धा थांबले नाही.

सासूबाईंना मात्र माझ्याशी स्वतः बोलायचं होतं. त्या मला बाजूला घेऊन बसल्या. "पोरी, खरं सांग. हे तुझं बरं होणारं हाय, का लय दिवसांचं?"

"बरं होणारं नाही, आई. पण बाटली मिळाली की मी ठीक असते."

त्यांनी मान हलवली. "मग आमच्या ह्यांच्या साखरेसारखंच की. गोळी घेतली तर ठीक, नाय तर बोंब." आणि त्यांनी माझ्या हातात नारळ ठेवला.

रेल्वेची सोय लग्नानंतर सुटणार होती. औषधाचं कसं जमवायचं यावर दोन्ही घरांत बरीच चर्चा झाली. ते जमलं कधी माझ्या पगारातून, कधी द्राक्षं विकून आलेल्या पट्टीतून, आणि तोपर्यंत बाटली नाशिकमध्येच मिळायला लागली होती. बाबांचा थर्माकोलचा डबा निवृत्त झाला. पंचवटीतल्या कंपूला लग्नाचं आमंत्रण होतं आणि ते सगळे आले. कापडाच्या व्यापाऱ्यांनी पैठणी आणली आणि स्टेजवर माझ्या नवऱ्याला म्हणाले, "ही आमच्या मांडीवर वाढलीय." तो गोंधळून माझ्याकडे बघायला लागला.

दिंडोरीत बातमी फुटायला वेळ लागला नाही. पण ती वाटेत थोडी बदलली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका शेजारणीने सासूबाईंना सगळ्यांसमोर विचारलं, "काय हो, तुमच्या सुनेला बाटली लागती म्हणं?"

मी वाण देत होते, माझा हात तसाच राहिला. सासूबाई अगदी शांतपणे म्हणाल्या, "लागती. महिन्यातनं एकदा."

"अगं बाई! आणि मुलगा काय म्हणत नाय?"

"तो काय म्हणणार? शेजारीच बसतो. सगळा दिवस लागतो तिला संपवायला."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. सासूबाईंनी तिळगूळ वाटून पूर्ण केला, वाटी खाली ठेवली, आणि मग त्यांचं हसू फुटलं ते आवरेचना. शेवटी सगळं मलाच समजावून सांगावं लागलं. त्यातल्या दोघीजणी नंतर मला भेटायला बाटलीच्या दिवशी दवाखान्यात आल्या, येताना शेंगदाण्याचे लाडू घेऊन.

दिवस राहिले तेव्हा मी घाबरले. लग्नाआधी डॉक्टरांनी सांगितलं होतं की हा आजार बहुतेकदा मुलांकडे जात नाही, पण नक्की असं कुणीच सांगू शकत नाही. मी ब्लड बँकेच्या बाईंना फोन केला. त्या तेव्हा निवृत्तीला आल्या होत्या, पण हसणं तेवढंच मोठं होतं.

"घाबरू नकोस. शेवटच्या महिन्यांत आईच्या अँटीबॉडी नाळेतून बाळाकडे जातात. बाटली चुकवू नकोस, डोसही थोडा वाढवावा लागेल."

"पण माझ्याकडे माझ्या आहेतच कुठे?"

"ज्या आहेत त्याच जातील की! नाळ काही पत्ता विचारत नाही."

मुलगी झाली. बाबा तिला हातात घेऊन म्हणाले, "अख्खी पंचवटी भरून माणसं आहेत हिच्या पाठीशी." आणि ते खरंच होतं. जन्मल्यापासूनचे पहिले काही महिने ती कधी न बघितलेल्या माणसांच्या भरवशावर सुखाने झोपली. ती शिदोरी पुरते तेवढीच, नंतर बाळाला स्वतःच्या बनवाव्या लागतात. त्याच काळात आम्ही जास्त अस्वस्थ होतो. पोलिओचे थेंब द्यायला बायका दारी आल्या तेव्हा सासूबाई त्यांच्याशी भांडल्या. थेंबातला पोलिओ जिवंत असतो, तो बाळाच्या अंगातून माझ्याकडे येऊ शकतो, म्हणून तिला इंजेक्शन द्यायचं ठरलं होतं. "पोरगी लस घेतीय, पण सुईनं घेतीय," त्या ठणकावून सांगत होत्या. "थेंब तिच्या आईला चालत नाय." त्या बायकांना यातलं किती कळलं कोण जाणे, पण त्यांनी दारावर खडूने खूण करून सुटका करून घेतली.

पहिला वाढदिवस झाल्यावर तिचं रक्त तपासायला दिलं. रिपोर्ट फोनवर कळला. मी बँकेच्या काउंटरमागे उभी होते. "वयाला शोभतील असे आकडे आहेत," डॉक्टर म्हणाले. "ती बनवतेय, स्वतःच्या स्वतः." समोर पासबुक घेऊन उभ्या असलेल्या आजोबांना मी "झालं!" असं म्हटलं. त्यांना वाटलं त्यांचंच काम झालं, आणि ते खूश होऊन निघून गेले. त्यांना परत बोलवावं लागलं.

पण मला खरी खात्री पटली ती त्यानंतरच्या पावसाळ्यात. तिला ताप आला, चांगला फणफणून. नाक वाहत होतं, डोळे लाल. मी रजा टाकली, आईला बोलावून घेतलं, पिशवी भरून ठेवली. दवाखान्यात राहावं लागलं तर काय काय लागतं हे माझ्याइतकं कुणाला पाठ असणार? मुलांच्या डॉक्टरांनी छाती ऐकली, घसा बघितला आणि म्हणाले, "व्हायरल आहे. तापाचं औषध द्या, पाणी पाजा."

"आणि अँटिबायोटिक?"

"कशाला?"

"मग बरी कशी होईल?"

ते हसले. "होईल. मुलं होतात."

मी दोन दिवस तिच्याजवळ बसून होते. आई एका बाजूला, सासूबाई दुसऱ्या बाजूला. दोघींचे काढे वेगवेगळे होते आणि दोन्ही मुलीने थुंकून टाकले. तिसऱ्या दिवशी सकाळी मी जरा डोळा लागून उठले तर अंथरूण रिकामं. ती अंगणात होती. एका हातात बाजरीच्या भाकरीचा तुकडा, नाकाखाली वाळलेला शेंबूड, आणि ती शेजाऱ्यांच्या कोंबडीच्या मागे पळत होती. कपाळाला हात लावला. गार. कुणी काही केलं नव्हतं. ताप आला होता आणि आपला आपण निघून गेला होता.

मी पायरीवर बसले आणि बघत राहिले. नवरा बागेकडे निघाला होता, तो थांबला. "काय झालं? रडतेस का?"

"नाही," मी म्हटलं. "बघ ना, ही आपोआप बरी झाली."

"हो," तो म्हणाला. त्याला त्यात विशेष काही वाटलं नाही, आणि का वाटावं? आतून सासूबाई ओरडल्या, "अगं, तिचं झालं आता. तू ये, चहा गार होतोय. आणि त्या कोंबडीला सोडवा कुणीतरी."

मी आधी कोंबडीला सोडवलं, मग चहा प्यायला आत गेले.